बायकोच्या तक्त्यातली तफावत

माझी बायको काय काम करते असं कुणी विचारलं की मी सरळ सांगतो, धूर मोजते. लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. थट्टा नाही हो. आमच्या या अख्ख्या प्रदेशात वर्षभरात तेल किती आलं, गॅस किती, वीज किती, लाकूड किती, ते कुणी कुठे जाळलं आणि त्यातून किती धूर वर गेला, याचा एक तक्ता दरवर्षी निघतो. तो तक्ता ही करते. सव्वीस वर्षं करतेय. कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली आहे. तिथे तीन टेबलं, हाताखाली दोन मुली आणि एक खिडकी, तीही अर्धीच उघडते. तेवढ्या जागेत बसून ही बाई सगळ्यांच्या चुलीत डोकावते.

स्वभाव म्हणाल तर हसरा, पण मोजणीचा विषय निघाला की कुणाची भीडभाड नाही. पातेल्यावर झाकण नसलं तर परक्याच्या स्वयंपाकघरात जाऊनसुद्धा ठेवून येते. एकदा माझ्या थोरल्या बहिणीकडे जेवायला गेलो होतो. हिने मध्येच उठून जाऊन गॅस बारीक केला. वर म्हणाली, "वन्सं, ज्योत पातेल्याच्या बाहेर येतेय, तुम्ही भिंत शिजवताय." बहीण आठ दिवस फुगून बसली होती. नवव्या दिवशी तिनेच फोन करून सांगितलं की सिलिंडर चार दिवस जास्त पुरला. तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलंय आणि मी मध्ये उपरा.

आता माझं सांगतो. मी बॉयलरवाला. गावाबाहेर मोठी लाँड्री आहे, तिथे दवाखान्यांच्या चादरी धुतल्या जातात. धुवायला गरम पाणी लागतं, वाळवायला आणि इस्त्रीला वाफ लागते. ती वाफ मी करतो. पस्तीस वर्षं झाली. ही मला भेटली तीच बॉयलरच्या खोलीत. तेव्हा ती नवीन लागलेली मोजणीवाली होती, फॉर्म घेऊन दारोदार फिरायची. मला म्हणाली, वर्षाला किती टन तेल जाळता? मी आकडा सांगितला. तिने तो लिहिला आणि पुढे म्हणाली, म्हणजे याच्या तिप्पट धूर.

मी म्हटलं, बाई, जरा शुद्धीवर या. एका पोत्यातून तीन पोती कशी निघतील? तर तिने मला तिथेच उभं करून शिकवलं. तेलातला कोळसा एकटा वर जात नाही, जाताना हवेतला प्राणवायू सोबत नेतो. जेवायला एकाला बोलवावं आणि त्याने येताना दोन पाहुणे आणावेत, तसं. म्हणून वजन वाढतं. मला काही ते पटलं नाही. पटलं नाही म्हणून मी तिला पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला सांगितलं, मग त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी पटलं होतं, पण कबूल केलं असतं तर ती परत कशाला आली असती? त्या काळातले माझे फॉर्म बघायला हवेत तुम्ही. एकेक अक्षर कोरलेलं, खाडाखोड नाही, शेवटी तळटीपसुद्धा.

लग्न झालं आणि फॉर्मची हौस संपली. त्यात एक नियम आड आला. नातेवाइकाचा फॉर्म मोजणीवाल्याने स्वतः घ्यायचा नाही आणि बघायचाही नाही. माझा फॉर्म बंद पाकिटातून जायचा, तिच्या हाताखालच्या मुली तो चढवायच्या. पुढे ती फिरतीवरून टेबलावर आली आणि सगळ्याच बॉयलरवाल्यांचे फॉर्म टपालाने जायला लागले. मी काय करायला लागलो, ते पुढे सांगतो. सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

आधी तक्ता समजून घ्या. त्याला दोन बाजू असतात. एकीकडे पुरवठा, म्हणजे डेपोवाल्यांनी किती तेल विकलं. दुसरीकडे वापर, म्हणजे लोकांनी किती जाळलं. दोन्ही बाजू जुळायला हव्यात आणि त्या कधीच जुळत नाहीत. मधला फरक ज्या ओळीत लिहायचा, त्या ओळीला म्हणतात तफावत. ही ओळ म्हणजे माझ्या बायकोची वैरीण. आणि तक्त्यातला शेवटचा रकाना धुराचा. तो रकाना दरवर्षी वाढत गेला. कारखाने वाढले, गाड्या वाढल्या, माणसं वाढली, मग धूर कसा नाही वाढणार? पण तक्ता छापून आला की ही घरी येऊन चपला काढता काढता म्हणायची, एकदा तरी, नोकरी संपायच्या आत एकदा तरी त्या रकान्यात मागच्या वर्षीपेक्षा लहान आकडा लिहायला मिळावा. बायका दागिने मागतात, हिने आयुष्यभर एक लहान आकडा मागितला.

गेल्या वर्षी तिच्या कचेरीत नवे साहेब आले. माणूस तरुण, बोलायला सभ्य, कॉम्प्युटरवर बोटं भराभर चालतात. त्यांनी तक्ता बघितला आणि तफावतीच्या ओळीवर बोट ठेवलं. विकलं त्यापेक्षा जळालं जास्त, असं तेलाच्या ओळीत दिसत होतं. शेकडा साडेसहाने जास्त. साहेब म्हणाले, बाई, न विकलेलं तेल लोकांनी जाळलं कसं? फरक आधीही होता, पण दरवर्षी मुंगीच्या पावलाने वाढत आला होता, आणि तो हिने डोळ्यांआड केला होता.

साहेबांनी एक महिन्याची मुदत दिली. महिन्याभरात फरक शेकडा पाचच्या आत आला नाही, तर पुढच्या वर्षापासून मोजणी बंद. लोकसंख्या घ्यायची, कारखान्यांची संख्या घ्यायची, सूत्रात टाकायची, धूर आपोआप निघतो. फॉर्म नकोत, फिरणं नको. दोन मुलींना दुसऱ्या विभागात पाठवायचं आणि हिला उरलेली तीन वर्षं आवक-जावक टेबलावर बसवायचं.

त्या दिवशी ती घरी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा पातेल्यावर झाकण ठेवायला विसरली. मी घाबरलोच.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. पन्नाशी उलटलेली बाई, पण विशीत असल्यासारखी हिंडली. आधी तिला वाटलं, बाहेरून चोरटं तेल येत असणार. म्हणून नाक्यावर तीन दिवस स्टूल टाकून बसली आणि टँकर मोजले. नाकेवाले तिला चहा पाजून पाजून दमले. एकही चोरटा टँकर निघाला नाही. मग चुनाभट्ट्या झाल्या, रंगारी झाले, बेकऱ्या झाल्या. एका बेकरीवाल्याने तिला नवीन भट्टी दाखवायला म्हणून दोन तास बसवून घेतलं, आणि ती येताना तीन पाव आणि शून्य माहिती घेऊन आली. दिवसभर फिरून आल्यावर मला सगळं सांगायची, हसूनच सांगायची, पण पाय चोळत सांगायची. मी म्हणायचो, डेपोवालेच कमी दाखवत असतील गं, चोर असतात लेकाचे. आणि ते बोलताना मला खरंच तसं वाटत होतं, शपथेवर सांगतो.

मग एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "सगळ्यांवर संशय घेऊन झाला. एक तुम्ही बॉयलरवाले तेवढे सरळ. दरवर्षी वेळेवर फॉर्म, आकडे कसे नीट. तुमची बाजू मी तपासतसुद्धा नाही."

मी कप बशीत ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा म्हणजे मी होतो.

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी एकदा फॉर्म आला तेव्हा मला कंटाळा आला होता. वर्षभराची लॉगबुकं काढायची, रोजची बेरीज करायची, कोण करणार? मी मागच्या वर्षीचा आकडा उतरवून टाकला. पण जसाच्या तसा नाही. कारण हिनेच कधीतरी जेवताना सांगितलं होतं की तोच आकडा पुन्हा लिहिणाऱ्याला ती एका नजरेत पकडते. म्हणून मी शेवटचे दोन अंक बदलले. बायकोने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आणि मी ती तिलाच फसवायला वापरली. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? या भागातल्या बाकीच्या अकरा बॉयलरवर जी माणसं आहेत, ती सगळी माझ्या हाताखाली शिकलेली. त्यांनाही मी तेच शिकवलं. फॉर्म आला की मागचा आकडा घ्या, शेवटचे दोन अंक बदला, डोक्याला ताप नको.

पण त्याच बारा वर्षांत मी त्यांना दुसरंही काही शिकवलं होतं. उघड्या पाइपाशेजारी उभं राहिलं की माझी पाठ भाजायची, म्हणून मी सगळ्या पाइपांना जाड गुंडाळी केली. वाफेचं पाणी होऊन ते कढत पाणी गटारात जायचं, ते बघून माझा जीव तुटायचा, म्हणून ते परत बॉयलरकडे वळवलं. गळकी वाफ दिसली की त्याच दिवशी बंद. धुराबिराचा विचार माझ्या मनात नव्हता. फुकट गेलेलं मला बघवत नाही, बस. पोरं शिकली, त्यांनी आपापल्या ठिकाणी तेच केलं. तेल कमी लागायला लागलं, दरवर्षी थोडं थोडं कमी. आणि फॉर्मवर मात्र आम्ही बाराजण बारा वर्षांपूर्वीचंच तेल जाळत होतो.

दोन दिवस मी तोंडाला कुलूप लावून हिंडलो. मग पिठाच्या गिरणीशेजारच्या, कापड रंगवायच्या कारखान्यात गेलो. तिथे माझा सगळ्यात जुना शिष्य आहे, त्याला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण तो बॉयलरपेक्षा जास्त वाजतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, दादा, गप्प बसा. वहिनींना कळलं तर तुमची खैर नाही, आणि आमची त्याहून नाही. पुढच्या वर्षी हळूच खरे आकडे टाकू. मी म्हटलं, अरे पुढच्या वर्षी फॉर्मच नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीत निघाली होती. एक चप्पल पायात, एक हातात. मी म्हटलं, अगं, जरा थांब, बॉयलरवाल्यांचे आकडे खोटे आहेत.

"कशावरून?"

"मीच शिकवलंय त्यांना."

मग मी सगळं सांगितलं, शेवटच्या दोन अंकांसकट. ती दाराशीच खाली बसली. मला वाटलं आता आकाश फाटणार. तिने एवढंच विचारलं, लॉगबुकं खरी आहेत का? मी म्हटलं, ती मात्र खरी. रोज सकाळी टाकीत खुणांची काठी सोडून तेल मोजायचं आणि लिहायचं, ते आम्ही एक दिवस चुकवत नाही. बॉयलरशी खोटं बोललं तर बॉयलर फुटतो.

"रविवारी सगळ्यांना लॉगबुकं घेऊन इथे बोलवा," ती म्हणाली. "चहा मी करीन. तुमच्याशी मी नंतर बोलते."

तीन दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती.

रविवारी सकाळी अकराजण आले. कुणी पिशवीत, कुणी सायकलला बांधून, शिट्टीने तर डोक्यावर खोकं आणलं होतं. चार-चार, पाच-पाच किलोंच्या वह्या, तेलाच्या बोटांचे ठसे, चहाची वर्तुळं. सगळे माना खाली घालून ओळीत बसले. मीही त्यांच्यातच बसलो, कारण हिने मला खुर्ची दिलीच नाही. तिने पेन्सिल घेतली आणि एकेकाला वाचायला लावलं. महिना, आकडा, महिना, आकडा. लॉगबुकं इतकी खरी की एकाच्या वहीत वाचता वाचता आलं, "दुपारी दोन वीस ते दोन पस्तीस, डुलकी, वाफ ठीक." वाचणाऱ्याची जीभ अडखळली. ही पहिल्यांदा फिसकन हसली, मग सगळे हसले, मग घर हसलं. तिने तीही नोंद आदराने बघितली आणि पुढे वाच म्हणाली.

दुपारपर्यंत बेरीज झाली. फॉर्मवर आम्ही बाराजणांनी मिळून चार हजार आठशे टन तेल जाळलं होतं. खरं जळालेलं निघालं साडेतीन हजार. तेराशे टनांचा फरक! तिने तो मोठ्या तक्त्यात घातला. तफावत घसरत घसरत शेकड्यात एकाच्याही आत आली. शिट्टी म्हणाला, सुटलो. पण तिची पेन्सिल पुढे सरकली, शेवटच्या रकान्यात गेली आणि तिथे थांबली. तिने मागच्या वर्षाचा आकडाही त्याच वह्यांवरून दुरुस्त केला आणि पुन्हा हिशेब केला. तिसऱ्यांदा केला. मग शिट्टीला करायला लावला, कारण स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना.

"कमी झालाय," ती म्हणाली.

गेल्या वर्षीपेक्षा लहान आकडा. अख्ख्या प्रदेशाचा. ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि पदराने नाही, तक्त्याच्या कच्च्या कागदानेच तिने डोळे पुसले. बारा दांडगे बॉयलरवाले खाली बघत बसले होते. त्यातल्या चौघांनी तरी नाक ओढलं, मी ऐकलंय.

सोमवारी मी रजा टाकून तिच्याबरोबर कचेरीत गेलो. तिने नको म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही. साहेबांनी नवा तक्ता बघितला, वह्या बघितल्या, आणि त्यांचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला. म्हणाले, बाई, म्हणजे बारा वर्षं फॉर्म खोटे येत होते. मग मोजणी बंद करायला हे तर आणखी एक कारण झालं. लोक खोटं लिहितात, सूत्र खोटं लिहीत नाही.

हिचा चेहरा पांढरा पडला. मला राहवलं नाही. मी पुढे झालो. साहेबांनी विचारलं, आपण कोण?

"साहेब," मी म्हटलं, "ती तफावत म्हणजे मी."

आणि त्यांच्यासमोर सगळं कबूल केलं. कंटाळा, दोन अंक, शिष्य, सगळं. हिने कधी माझा फॉर्म उघडून बघितला नाही, नियम पाळला, म्हणून मी निसटलो, हेही सांगितलं. कान गरम झाले होते, पण सांगितलं. माझं झाल्यावर ही बोलायला लागली, आणि आवाज एकदम शांत.

"साहेब, सूत्र खोटं लिहीत नाही, खरं आहे. पण यांनी पाइपांना गुंडाळ्या केल्या, कढत पाणी परत फिरवलं, हे सूत्राला कुठून कळणार? त्याला दिसतात फक्त माणसं आणि कारखाने, आणि ते वाढतच जाणार. सूत्राने पुढची शंभर वर्षं वाढताच धूर लिहिला असता. यांनी चूक केली खरी, पण मोजत होतो म्हणून ती सापडली. यांच्या बॉयलरांचा धूर बारा वर्षांत चार हजार टनांनी कमी झालाय. तो बघायला कुणीतरी दारात जायलाच हवं."

साहेब बराच वेळ वह्या चाळत राहिले. मध्येच त्यांना ती डुलकीची नोंद सापडली. ते हसले, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि पुन्हा हसले. मग म्हणाले, मोजणी राहील. फक्त बॉयलरचे फॉर्म टपालाने नकोत, मुलींनी जाऊन लॉगबुकावरून घ्यायचे. दारामागे दोन्ही मुली कान लावून उभ्या होत्या, त्यांनी तिथेच एकमेकींना मिठी मारली आणि दार धाडकन उघडलं.

आम्ही दोघं जिना उतरायला लागलो. मला वाटलं, आता ते "नंतर" आलं. मी आपणहून म्हटलं, घे, बोल काय बोलायचं ते, खोटा आकडा लिहिला, मी ऐकून घेतो.

ती मधल्या पायरीवर थांबली.

"खोट्या आकड्याचा राग नाही आला मला," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं मी एका लहान आकड्याची वाट बघतेय. आणि तो बारा वर्षं माझ्या शेजारी घोरत होता. एवढं चांगलं काम केलंत, आणि मला सांगितलं नाहीत?"

लोक वर-खाली जात होते, त्या मुली वरून वाकून बघत होत्या. मी तिचा हात धरला आणि आम्ही तसेच खाली उतरलो.